करंड्यातला मॅग्नेट

कालिंदीबाईंच्या प्रयोगशाळेत दोन नियम होते आणि ते मोडणाऱ्याची धडगत नसे. बाकी वेळी बाई मऊ. पोरं उशिरा आली तर चालायचं, प्रयोग फसला तर चालायचं, डबा आणला नाही तर त्या स्वतःच्या डब्यातली पोळी काढून द्यायच्या. पण नियम म्हणजे नियम.

पहिला नियम मॅग्नेटचा. फ्लास्कमधली रसायनं ढवळायला बोटाच्या पेराएवढी एक कांडी टाकतात. आत लोहचुंबक, वरून टेफ्लॉनचं पांढरं आवरण. खालच्या यंत्राचं बटण फिरवलं की ती द्रावणात गरागरा फिरत बसते. पोरं तिला नुसतंच मॅग्नेट म्हणतात. पीएच.डी.ला नवं कुणी आलं की पहिल्या दिवशी बाई टेबलाचा खण उघडायच्या, आईचा जुना पितळी कुंकवाचा करंडा बाहेर काढायच्या आणि त्यातला एक मॅग्नेट उचलून त्याच्या तळहातावर ठेवायच्या. "हा तुझा. दुसऱ्याचा घ्यायचा नाही, आपला द्यायचा नाही. जाताना सोबत घेऊन जा." शेजारच्या प्रयोगशाळेतली पोरं या प्रकाराला "मॅडमचं हळदीकुंकू" म्हणत. बाईंच्या कानावर ते आलं होतं. त्या म्हणाल्या, म्हणू देत, निदान वाण तरी उपयोगाचं आहे.

दुसरा नियम दुसऱ्या हाताचा. कुणी काही नवं करून दाखवलं की ते प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या कुणीतरी, पहिल्याला जवळ फिरकू न देता, आपल्या हातानं करून बघायचं. झालं, तरच ते खरं. मगच निबंध छापायला जायचा.

या दोन नियमांपायी काय होऊन बसलं ते सांगायचं, तर आधी मेघाबद्दल सांगायला हवं.

मेघा साळवे पाचोडची. वडील कडुबा गवंडी, आई मालनबाई त्यांच्याच हाताखाली घमेली उचलायची. गावात शिकून मेघा शहरातल्या कॉलेजात एम.एस्सी. झाली आणि पीएच.डी.ला प्रवेश घ्यायला कालिंदीबाईंसमोर येऊन बसली. बाई मुलाखतीत सगळ्यांना एकच प्रश्न विचारायच्या, मोठा रेणू बनवताना त्याचे काही भाग आधी झाकून का ठेवतात? पोरं पाठ केलेलं उत्तर धडाधडा म्हणून दाखवायची. मेघानं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मॅडम, स्लॅब टाकायचा म्हटलं की आधी सेंट्रिंग लावावं लागतं. फळ्या, टेकू, सगळं. स्लॅब घट्ट झाला की ते काढून टाकायचं. घरात त्यातलं काही राहत नाही, पण अर्धी मेहनत त्यातच जाते. रेणूचंही तसंच. नाजूक भाग झाकायचा, काम करायचं, मग उघडायचा."

"आणि सेंट्रिंगशिवाय स्लॅब टाकता आला तर?" बाईंनी विचारलं.

"मग माझा बाप नाचंल मॅडम," मेघा म्हणाली आणि आपण कुठं बसलोय ते आठवून तिनं जीभ चावली.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या मनात काहीतरी हललं होतं. तरुणपणी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्या एका रेणूच्या मागं लागल्या होत्या. डोंगरातल्या एका झुडपाच्या मुळात तो चिमूटभर सापडायचा, औषधाच्या दृष्टीनं गुणी होता, आणि त्याची रचना अशी गुंतागुंतीची, की वलयाला वलय चिकटलेलं, कोपऱ्याकोपऱ्यात नाजूक जागा. मुळं उपटून उपटून झुडूप संपलं असतं, म्हणून तो साध्या रसायनांतून बांधायचा. कालिंदीबाईंनी त्याचे दोन मोठे अर्धे भाग तयार केले होते. ते एकमेकांना जोडायचे तेवढे राहिले होते. त्या काळात असा जोड पॅलेडियम नावाच्या महागड्या धातूच्या मदतीनं घालायचे. धातू पुष्कळ लागायचा, वर कडक उष्णता द्यावी लागायची, आणि त्या उष्णतेत नाजूक जागा जळून जायच्या. झाका, जोडा, उघडा, पुन्हा झाका. या सेंट्रिंगमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली. तेवढ्यात इकडं घरी वडिलांना, अनंतरावांना, अर्धांगवायूचा झटका आला. ट्रेझरीत कारकुनी केलेला तो मोत्यासारख्या अक्षराचा माणूस उजव्या हातानं चमचाही धरू शकेना. आई आधीच गेलेली. कालिंदीबाई अर्ध्या रेणूवर मिळाली तेवढी पदवी घेऊन परत आल्या, कॉलेजात लागल्या, छावणीच्या बाजारामागच्या घरात वडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं. लग्नाचं राहून गेलं. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. रेणूचं वाटलं.

सामान आवरताना पुण्याहून एक गोष्ट चुकून सोबत आली होती. पांढऱ्या कोटाच्या खिशात राहिलेला त्यांचा मॅग्नेट. किती तरी वर्षं तो त्या करंड्याच्या तळाशी पडून होता, आणि इतकी पोरं येऊन गेली तरी त्यांनी तो कुणाला दिला नव्हता.

मेघाच्या बरोबर त्या वर्षी आणखी दोघं लागले. त्यातला एक फुलंब्रीहून रोज ये-जा करणारा प्रणय. बाईंनी करंडा उघडला, प्रणयला नवाकोरा पांढराशुभ्र मॅग्नेट दिला, दुसऱ्या मुलीलाही तसाच दिला. मेघाची पाळी आली तेव्हा त्यांची बोटं पार तळाशी गेली. करडा पडलेला, जागोजागी ओरखडे उठलेला तो मॅग्नेट त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला आणि नेहमीचं वाक्य म्हणायलाही त्या विसरल्या. नुसत्या म्हणाल्या, "सांभाळ हं." मेघानं मुठीत मॅग्नेट घेतला, "हो मॅडम" म्हणाली आणि खाली मान घालून आपल्या जागेवर गेली.

मेघानं तोच रेणू घेतला. मात्र जुन्या वाटेनं जायला ती तयार नव्हती. जगभर आता नव्या पद्धती निघाल्या होत्या. निळ्या उजेडात चिमूटभर रंगद्रव्य ठेवायचं, ते उजेड शोषून घेतं आणि जो जोड घालायला पूर्वी भट्टीसारखी उष्णता लागायची तो साध्या खोलीच्या तपमानाला घातला जातो. नाजूक जागा झाकायला नकोत की उघडायला नकोत. कॉलेजात त्यासाठीचं महागडं यंत्र कुठलं असायला? मेघानं धान्याचा स्टीलचा डबा आणला, दिवाळीत गॅलरीत लावतात तसल्या निळ्या दिव्यांची पट्टी त्याला आतून गोल गुंडाळली, वर छोटा पंखा बसवला. मध्ये फ्लास्क, फ्लास्कच्या तोंडाला नायट्रोजन भरलेला फुगा. बघणाऱ्याला वाटावं, कुणाचा तरी वाढदिवस आहे.

कितीतरी महिने काही झालं नाही. मग एका दुपारी मेघा काचेची छोटी पट्टी घेऊन बाईंच्या खोलीत आली. द्रावणाचा थेंब अशा पट्टीवर चढवला की त्यातली द्रव्यं वेगवेगळ्या उंचीवर ठिपके होऊन थांबतात. दोन अर्ध्या भागांचे दोन ठिपके जवळजवळ पुसले गेले होते आणि त्यांच्या मध्ये एक तिसराच, ठसठशीत ठिपका उभा होता. पुढच्या तपासण्या झाल्या, सगळ्यांनी तेच सांगितलं. जोड बसला होता. सेंट्रिंगशिवाय, उष्णतेशिवाय आणि मेघानं लिहिलं त्याप्रमाणे कुठल्याही धातूशिवाय. त्या संध्याकाळी कालिंदीबाई घरी निघाल्या तर स्कूटीची किल्ली हातात असून ती कुठं लावायची तेच त्यांना सुचेना. पार्किंगमध्ये उभं राहून त्या पोटभर रडल्या आणि मग गुलमंडीवर जाऊन पावशेर पेढे घेऊन आल्या.

निबंधाला नाव ठरलं. त्यात "धातूविना" हा शब्द मेघानं मोठ्या हौसेनं घातला होता, कारण नवेपण त्यातच होतं. प्रबंधाआधीचं सेमिनार जाहीर झालं. राहिला होता फक्त दुसरा हात.

दुसरा हात प्रणयचा. मेघाला त्या दिवशी बाईंनी लायब्ररीत पिटाळलं. प्रणयनं तोच डबा, तेच दिवे, त्याच बाटल्या घेऊन सगळं तंतोतंत केलं. काही झालं नाही. पट्टीवर दोन ठिपके होते तसे दोन. त्यानं पुन्हा केलं, पुन्हा तेच. प्रयोगशाळेत चर्चा सुरू झाली, की मेघाच्या हाताला गुण आहे. बाई चिडल्या. म्हणाल्या, "हाताला गुण वैद्याच्या असतो, नाहीतर आमटी करणाऱ्या बाईच्या. रसायनशास्त्रात पद्धत असते. एकाच माणसाच्या हातून होते ती पद्धतच नव्हे."

रविवारी कॉलेज रिकामं असताना त्यांनी कोट चढवला आणि स्वतः प्रयोग लावला. करंड्यातून एक नवा मॅग्नेट काढला, कारण दुसऱ्याचा घ्यायचा नाही हा नियम त्यांनाही लागू होता. निळ्या उजेडात तो दिवसभर फिरत राहिला. संध्याकाळी पट्टीवर दोन ठिपके.

बाई स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याबद्दल जे मनात आलं नव्हतं ते आता आलं, आणि आल्याआल्या त्यांना स्वतःचीच किळस वाटली. मेघानं काही खोटं केलं असेल का?

सोमवारी विभागप्रमुख हिमांशू सर जिन्यात भेटले. वयानं लहान, वागायला गोड माणूस. त्यांना कुठून कळलं देव जाणे. म्हणाले, "मॅडम, मी काही म्हणत नाही. पण जरा बघून घ्या. या मुलांना डिग्रीची घाई असते." या मुलांना म्हणजे कोणत्या मुलांना, असं तिथल्या तिथं विचारायला हवं होतं. बाईंना ते कळत होतं. पण त्या "हं" म्हणाल्या आणि वर चढून गेल्या. खोलीत जाऊन बसल्यावर ते "हं" त्यांना दिवसभर टोचत राहिलं.

त्यातच कडुबा आले. पाचोडच्या मोसंब्यांची पिशवी घेऊन, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, दारातच चपला काढून उभे.

"जयभीम मॅडम."

"जयभीम, या ना. चपला कशाला काढल्या? बसा."

ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "इकडं एका बिल्डिंगचं काम बघाया आलतो. म्हनलं मॅडमला भेटून जावं. पोरगी फोनवर लई बोलत नाय. म्हंती काम झालंय, आता नुसतं कागदाचं राह्यलंय." त्यांनी पिशवी टेबलावर सरकवली. "व्हईल ना मॅडम ती डॉक्टर? न्हाई, घाई नाय. तिच्या मायला सांगाया पायजे म्हनून विचारलं."

बाईंनी पिशवीतली एक मोसंबी हातात घेतली, फिरवली, परत ठेवली. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तेही खोटं. "मेघा फार कष्टाळू आहे," एवढंच त्यांच्या तोंडून आलं. कडुबा गवंडी होते, भिंत ठोकून आतलं ओळखणारे. ते "बरंय" म्हणून उठले, आणि चपला घालताना त्यांना जरा वेळच लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेघा बाईंसमोर येऊन उभी राहिली. "मॅडम, रविवारी तुम्ही माझी रिअॅक्शन लावली होती."

"कुणी सांगितलं?"

"डब्यातला पंखा मी उजवीकडं वळवून ठेवते. तो सरळ होता." तिचा आवाज शांत होता, जास्तच शांत. "झाली नाही, व्हय ना? मला विचारायचं ना मॅडम. मी आले असते."

बाई कोट चढवत म्हणाल्या, "चल. आपण दोघी मिळून करू. शेजारी शेजारी."

तसं केलं. डबा एकच, उजेड एकच, आत दोन फ्लास्क. एकाच बाटलीतून दोघींनी माल घेतला, एकाच फुग्यातला वायू दोन्हींत सोडला. मेघाच्या हातांकडं बाई डोळ्यांत तेल घालून बघत होत्या, आणि आपण असं बघतोय हे मेघाला दिसतंय, हेही त्यांना समजत होतं. तो दिवस दोघींनाही फार जड गेला. प्रणय चहा घेऊन आला आणि दोन कप ठेवून निघून गेला.

संध्याकाळी पट्ट्या काढल्या. मेघाच्या पट्टीवर मधला ठिपका, ठसठशीत. बाईंच्या पट्टीवर दोन.

खोटं नव्हतं. डोळ्यांसमोर झालं होतं, यात खोटं करायला जागाच नव्हती. बाईंना हायसं वाटलं. मग त्या पुन्हा डब्यात वाकून बघू लागल्या. माल तोच, उजेड तोच, वायू तोच. मग वेगळं काय? निळ्या उजेडात दोन मॅग्नेट अजून फिरत होते. एक पांढराशुभ्र. दुसरा करडा.

कालिंदीबाईंनी खालच्या यंत्राचं बटण बंद केलं आणि दोन्ही मॅग्नेट थांबले.

"मेघा," त्या हळूच म्हणाल्या, "तुझा मॅग्नेट दाखव बरं."

आणि मेघाचा बांध फुटला. "मॅग्नेटवरून बोलू नका मॅडम! जुना हाय तर जुना हाय. तुम्हीच दिलता तो. प्रणयला नवा, तिला नवा, अन् माझ्या टायमाला करंड्याच्या तळातला उष्टा. मी काय बोलले का? चार वर्षं तोच घासून घासून वापरते. मला वाटलं, असंल, आपल्यासारख्याला असंच भेटतं, काम चांगलं करू, मग कळंल मॅडमला. आता कामावर पन संशय, अन् मॅग्नेट पन दाखव?" तिनं आपली पट्टी बाईंपुढं सरकवली. "लई लागलं मॅडम मला तवा. अजून लागतं."

चार वर्षं ही पोर रोज सकाळी तो मॅग्नेट हातात घेत होती आणि रोज सकाळी तिला ते लागत होतं. आणि आपण समजत होतो, की आपल्याजवळ होतं नव्हतं ते सगळं आपण हिला दिलं.

"मेघा, तो माझा आहे," त्या म्हणाल्या. "माझा स्वतःचा. पुण्याचा. हाच रेणू मी त्यानं ढवळत होते. तुझ्याएवढी असताना." त्यांनी करड्या मॅग्नेटकडं बोट केलं. "कुणालाच दिला नव्हता. तू ते सेंट्रिंगचं बोललीस ना, तेव्हाच ठरवलं होतं, हिला द्यायचा. सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं, कळेल. कसं कळणार? चूक माझी आहे बाळा. आणि रविवारी तुझ्याबद्दल जे माझ्या मनात आलं, तीही चूक माझीच."

मेघानं फ्लास्ककडं बघितलं, मग बाईंकडं. ओढणीनं नाक पुसलं. हुशार पोरगी, एका दमात दोन गोष्टी तिच्या डोक्यात शिरल्या, आणि दुसरी शिरली तशी ती खाली बसली.

"पुण्याला तुम्ही पॅलेडियमनं जोडत होता," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे या ओरखड्यांत..."

"अडकून बसलं असणार. करडा रंग त्याचाच. डोळ्याला न दिसण्याइतकं सुटत असेल द्रावणात, पण उजेडाच्या जोडीला तेवढं पुरतंय." बाईंनी स्टूल ओढून तिच्याजवळ घेतलं. "मी दुसऱ्या हाताचा नियम केला, आणि दुसऱ्या हातानं आपलाच मॅग्नेट आणायचा हाही नियम मीच केला. मग कसं सापडणार होतं कुणाला?"

"मग 'धातूविना' खोटं ठरलं," मेघा म्हणाली. "चार वर्षांचं काम माझं."

"तो एक शब्द खोटा ठरला. जोड खरा आहे. पूर्वी मूठभर धातू अन् भट्टी लागायची, तू नावापुरत्या धातूनं आणि दिवाळीच्या दिव्यांनी केलंस. ते लहान आहे का? पण सिद्ध करावं लागेल. नुसतं मी म्हणून चालणार नाही."

सिद्ध कसं करायचं ते दोघींनाही ठाऊक होतं. बाईंनीच ते बोलून दाखवलं. दोन तीव्र आम्लं मिसळून अम्लराज नावाचं नारिंगी, धुरकट द्रावण बनतं, ज्यात सोनंही विरघळतं. त्यात मॅग्नेट ठेवला की टेफ्लॉन तसंच राहील आणि धातूचा कण न् कण निघून जाईल. मग त्याच मॅग्नेटनं रिअॅक्शन झाली नाही, की सिद्ध झालं. मेघाच्या हातात काही जादू नव्हती, खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विषारी धूर ओढून घेणाऱ्या हूडची काच वर करून बाईंनी अम्लराज तयार ठेवलं. मेघानं चिमट्यात मॅग्नेट धरला होता. ती पुढं होईना.

"टाक."

"मॅडम, दुसऱ्या कशानं नाही का दाखवता येणार? नवा मॅग्नेट घेऊन त्यात वरून थोडं पॅलेडियम टाकलं तर?"

"तेही करायचं आहेच. पण तेवढ्यानं तू निर्दोष सुटत नाहीस. कुणी म्हणेल, मेघानं आणखी काहीतरी केलं होतं. तुझ्याकडं बोट दाखवायला मला जागा ठेवायची नाही."

"राहू द्या ना." मेघाचे डोळे भरून आले. "काल कळलं मला हा कुणाचा हाय. एक दिवस तर ठेवू द्या."

चार वर्षं ज्याचा करडेपणा तिला बोचत होता, तो धुवून काढायला आता तिचा हात उचलत नव्हता. कालिंदीबाईंनी पोटच्या पोरीचा धरावा तसा तिचा हात धरला, चिमट्यासकट. "पोरी, त्यात माझी राहून गेलेली वर्षं आहेत, एवढंच ना? ती तू पुरी केलीस. आता त्याचं मला काय करायचंय? टाक."

मेघानं मॅग्नेट सोडला. नारिंगी द्रावणात तो तळाशी गेला, त्याच्याभोवती बारीक बुडबुडे उठले, आणि दोघी काचेआडून तो उजळताना बघत उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत तो प्रणयच्या मॅग्नेटसारखाच पांढरा झाला होता. ओरखडे तेवढे राहिले.

मग मेघानं त्याच मॅग्नेटनं रिअॅक्शन लावली, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी उजेडासमोर धरली. दोन ठिपके. मधे काही नाही. प्रयोग साफ फसला होता, आणि या दोघी बाया एकमेकींना मिठी मारून हसत होत्या. प्रणय दारात येऊन थांबला. त्याला वाटलं, आता मॅडमना सुट्टीची गरज आहे.

त्यानंतर प्रणयनं स्वतःच्या नव्या मॅग्नेटनं, पॅलेडियमचा अगदी कणभर अंश मोजून टाकून, तीच रिअॅक्शन लावली. झाली. मधला ठिपका त्याच्याही पट्टीवर आला. दुसरा हात अखेर लागला.

बाई त्याच दुपारी हिमांशू सरांच्या खोलीत गेल्या. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "सर, चूक माझ्या मॅग्नेटची होती. मुलीची नव्हती. आणि परवा जिन्यात तुम्ही 'या मुलांना' म्हणालात, त्यावर मी गप्प बसले. बसायला नको होतं." हिमांशू सर गोड माणूस, त्यांचे कान लाल झाले. ते म्हणाले, तसं नव्हतं मॅडम. बाई म्हणाल्या, नसेलच, पण तिच्या सेमिनारला पुढच्या बाकावर बसा. ते बसले.

निबंधाचं नाव बदललं. मॅग्नेटची सगळी हकीकत मेघानं त्यात जशीच्या तशी लिहिली, लपवलं काही नाही. सेमिनारच्या दिवशी कडुबा आणि मालनबाई मोसंब्यांची नवी पिशवी पायाशी ठेवून शेवटच्या बाकावर बसले होते. मालनबाईंना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण पडद्यावर तो वलयावलयांचा रेणू आला तेव्हा त्या नवऱ्याच्या कानात म्हणाल्या, "बया, कसं बांधलंय बघा." कडुबांनी मान हलवली. त्यांना निदान सेंट्रिंगचा भाग समजला होता, कारण मेघानं तो त्यांच्याकडं बघून सांगितला.

लोक पांगल्यावर कालिंदीबाईंनी दोघांना मेघासकट खोलीत नेलं आणि कडुबांच्या पुढ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, मी नीट उत्तर दिलं नव्हतं. होणार. डॉक्टर होणार तुमची लेक." कडुबांनी दोन्ही हात जोडले. मालनबाईच बाईंच्या जवळ आल्या आणि त्यांच्या गालावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली.

मग बाईंनी खण उघडला, करंडा काढला. त्यातला एक नवाकोरा मॅग्नेट उचलून त्यांनी मेघापुढं धरला.

"घे. हा तेव्हाच द्यायला हवा होता."

मेघानं हात पुढं केला नाही. कोटाच्या खिशातून तिनं आपला मॅग्नेट काढला आणि तळहातावर ठेवून दाखवला. "हा हाय की मॅडम."

"आता त्यात काय राहिलंय गं? धुवून पांढरा झालाय. ओरखडे सोडले तर नव्यातला अन् त्यातला फरकसुद्धा कुणाला कळायचा नाही."

"मला कळतो ना," मेघा म्हणाली, आणि तिनं मूठ मिटली.

बाईंनी नवा मॅग्नेट परत करंड्यात टाकला, झाकण लावलं, आणि मोसंब्या सोलायला चाकू कुठं ठेवलाय ते शोधू लागल्या.